सलासी: आल्प्सच्या जुळ्या दरवाज्यांवर जकात घेणारी गॉल जमात

इ.स.पू. ४३ साली डेसिमस ब्रुटस हा रोमन सेनापती आपले सैन्य घेऊन आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी येऊन पोहोचला होता. वर्षभरापूर्वी ज्युलियस सीझरची हत्या करणाऱ्यांपैकी तो एक होता, आणि मुटिना म्हणजे आजच्या मोदेना शहराभोवतीच्या लढाईनंतर त्याला पर्वत ओलांडून गॉलमध्ये जाणे भाग होते. भूमध्य समुद्राभोवतीचे निम्मे जग ज्या रोमला कर देत होते, त्या रोमच्या या सेनापतीला घाट चढण्यापूर्वी स्वतःच कर मोजावा लागला. माणशी एक द्राख्मा असा तो दर होता. एका द्राख्म्याची किंमत रोमन दिनारच्या जवळपास होती आणि सैनिकाचा वर्षाचा पगार त्या काळी २२५ दिनार होता. म्हणजे प्रत्येक शिपायामागे साधारण दीड दिवसाचा पगार नाक्यावर ठेवून हे सैन्य पुढे सरकले. हा नाका ज्यांचा होता, ती आल्प्समधील गॉल जमात म्हणजे सलासी.

ही हकिगत स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवली आहे. तो आणखी सांगतो की, काही वर्षांनी मेस्साला नावाच्या सेनापतीने सलासींच्या मुलखाजवळ हिवाळ्याचा मुक्काम ठोकला, तेव्हा शेकोटीच्या सरपणाचेच नव्हे, तर भाल्यांच्या दांड्यांसाठी लागणाऱ्या एल्म झाडाच्या लाकडाचे आणि सैनिकांच्या सरावासाठी लागणाऱ्या लाकडाचे पैसेही त्याला रोख मोजावे लागले. स्ट्रॅबो या सगळ्याला लुटारूपणा म्हणतो. मला मात्र या तपशिलांमध्ये लुटारूंपेक्षा आपल्या रानावर, पाण्यावर आणि वाटेवर आपला हक्क आहे असे ठामपणे मानणारे आणि त्या हक्काची किंमत वसूल करणारे लोक दिसतात. लुटारू सरपणाचा भाव ठरवून विकत बसत नाहीत. सलासींचा सगळा इतिहास, म्हणजे त्यांची भरभराट, रोमशी चाललेला शतकभराचा झगडा आणि शेवटचा विनाश, हा या हक्काच्या भोवतीच फिरतो, आणि तो समजून घ्यायचा तर आधी त्यांच्या मुलखाची रचना डोळ्यांसमोर आणावी लागते.

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात मों ब्लां या शिखराच्या पायथ्यापासून पूर्वेकडे आणि मग आग्नेयेकडे उतरत जाणारी एक लांबट दरी आहे. तिचे आजचे नाव व्हाले द'आओस्ता, म्हणजे आओस्ताचे खोरे. या खोऱ्यातून दोरा बाल्तेया नावाची नदी वाहते. रोमन लोक तिला ड्युरिया म्हणत. सुमारे १६० किलोमीटरचा प्रवास करून ही नदी पो नदीला मिळते. खोऱ्याच्या वरच्या भागातून पर्वत ओलांडण्याच्या दोन मोठ्या वाटा फुटतात. एक २,४६९ मीटर उंचीवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून आजच्या स्वित्झर्लंडमध्ये उतरते, तर दुसरी २,१८८ मीटर उंचीवरच्या लिटल सेंट बर्नार्ड खिंडीतून आजच्या फ्रान्समध्ये. रोमन लेखक प्लिनीने या जागेचे वर्णन ‘आल्प्सचे जुळे दरवाजे’ अशा शब्दांत केले आहे. खालच्या बाजूला, जिथे खोरे मैदानात उघडते, त्याच्या थोडे अलीकडे डोंगर दोन्ही बाजूंनी इतके जवळ येतात की नदी आणि रस्ता यांनाच कशीबशी जागा उरते. म्हणजे वर दोन दारे आणि खाली एक चिंचोळा बोळ, अशी ही नैसर्गिक तटबंदी होती. इ.स.पू. दुसऱ्या शतकातील इतिहासकार पोलिबियस याने आल्प्स ओलांडण्याच्या ज्या चार वाटा सांगितल्या, त्यांतील एक त्याने सलासींच्या नावानेच ओळखली आहे.

सलासी नेमके कोण, याविषयी प्राचीन लेखकांपैकी केटो हा त्यांना टॉरिस्की या गॉल गटात धरतो. गॉल म्हणजे रोमन लोकांनी केल्टिक भाषा बोलणाऱ्या पश्चिम युरोपीय जमातींना दिलेले ढोबळ नाव. त्यांच्यात एक राजा, एक राज्य असे काही नव्हते; प्रत्येक खोऱ्याची, प्रत्येक पठाराची जमात वेगळी आणि तिचे हितसंबंधही वेगळे. केल्टिक बोलणारे लोक येण्याआधीही आल्प्समध्ये वस्ती होतीच, त्यामुळे सलासींमध्ये आधीच्या डोंगरी लोकांचे रक्त आणि रीतिरिवाज मिसळले असणार, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. त्यांनी स्वतःविषयी लिहिलेला ग्रंथ नाही. त्यांच्याबद्दल जे आपल्याला कळते, ते जवळजवळ सगळे त्यांना जिंकणाऱ्यांच्या किंवा जिंकणाऱ्यांच्या बाजूने लिहिणाऱ्यांच्या तोंडून कळते, आणि पुढचे सगळे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

आता सोन्याकडे वळू. सलासींच्या मुलखातले सोने नदीकाठच्या आणि हिमनदीने आणून टाकलेल्या गाळात विखुरलेले होते. हिमयुगात मों ब्लांकडून उतरणाऱ्या प्रचंड हिमनदीने खडक घासून, फोडून त्यांचा चुरा खोऱ्याच्या तोंडापर्यंत वाहून आणला. आजच्या इव्रेया शहराजवळ या चुऱ्याचा सेरा नावाचा सरळसोट डोंगर सुमारे २५ किलोमीटर लांब पसरलेला आहे. अशा गाळातले सोने काढण्याची युक्ती तत्त्वतः साधी आहे. सोने वाळूपेक्षा सुमारे सातपट जड असते. त्यामुळे गाळावरून वेगाने पाणी सोडले की वाळू आणि माती वाहून जाते, तर सोन्याचे कण तळाशी बसतात. सोनाराच्या दुकानातील राख-माती धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारा झारेकरी हेच तत्त्व पाटीभर मातीवर वापरतो. सलासी ते अख्ख्या नदीकाठावर वापरत होते. प्लिनीने स्पेनमधील रोमन खाणींची पद्धत सांगताना एक बारकावा नोंदवला आहे: पाणी ज्या चरांतून सोडत, त्यांच्या तळाशी एक काटेरी, खरखरीत झुडूप अंथरत. सोन्याचे कण त्या काट्यांमध्ये अडकून राहत. मग ते झुडूप वाळवून जाळायचे आणि त्याची राख पुन्हा धुवायची.

या सगळ्या खटाटोपात खरा खर्च असतो तो पाण्याचा. टनावारी गाळ धुवायचा तर नदीच पाटांत वळवावी लागते, आणि सलासी नेमके तेच करत. स्ट्रॅबो सांगतो की, सोने धुण्यासाठी ते ड्युरियाचे पाणी इतक्या ठिकाणी फोडत की नदीचे मूळ पात्र पार कोरडे पडे. खालच्या मैदानात शेती करणाऱ्या लोकांना त्याच नदीच्या पाटांवर पिके घ्यायची होती. ही नदी बर्फाच्या पाण्यावर चालते. हिवाळ्यात वर सगळे गोठलेले असते आणि पाणी भरभरून येते ते उन्हाळ्यात. सोने धुण्याचा हंगाम तोच आणि शेताला पाणी लागण्याचा हंगामही तोच. वरचा पाणी अडवतो आणि खालच्याचे शेत करपते, हे भांडण पुढे नेहमीच्या लढायांवर गेले, यात आश्चर्य नाही. सलासींची बाजू मला एरवी जवळची वाटते, तरी या बाबतीत खालच्या शेतकऱ्यांची तक्रार खरी होती, हे मान्य करायलाच हवे.

या भांडणातूनच रोमचा शिरकाव झाला. इ.स.पू. १४३ साली अपियस क्लॉडियस पुल्चर हा कॉन्सल, म्हणजे रोमच्या त्या वर्षीच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, होता. डिओ या इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार त्याला सलासी आणि त्यांचे शेजारी यांच्यातील पाण्याचा तंटा मिटवण्यासाठी पाठवले होते. पण त्याचा सहकारी मेटेलस हा मॅसिडोनियाच्या विजयाने गाजलेला माणूस होता, आणि अपियसला आपल्याही नावावर एखादा विजय हवा होता. त्याने तडजोडीचा विचार बाजूला ठेवून सरळ सलासींच्या मुलखावर चढाई केली. पहिल्या लढाईत त्याचा पराभव झाला आणि रोमचे ५,००० सैनिक कामी आले. पुन्हा सावरून त्याने दुसरी लढाई दिली आणि शत्रूचे ५,००० लोक मारले. विजययात्रेचा मान मिळण्यासाठी शत्रूची किमान इतकी माणसे मारलेली असावीत, असा रोमचा नियम होता, म्हणून त्याने त्या मानाची मागणी केली. पण आधीच्या पराभवामुळे ती नाकारली गेली. तेव्हा त्याने स्वतःच्या खर्चाने विजययात्रा काढली. वाटेत एखादा लोकाधिकारी आपल्याला रथातून खाली खेचेल, ही भीती होती, म्हणून त्याच्या घरातली क्लॉडिया ही व्हेस्टा देवीची पुजारीण त्याच्याबरोबर रथात चढून बसली. तिच्या अंगाला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. मध्यस्थ म्हणून गेलेला माणूस असा विजेता होऊन परतला आणि पाण्याच्या तंट्याचा निकाल सोन्याच्या मालकीने लागला. खाणी सलासींच्या हातून गेल्या.

यानंतरचा टप्पा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. खाणी रोमन सरकारच्या झाल्या आणि सरकारने त्या मक्त्याने दिल्या. ठरावीक रक्कम सरकारजमा करायची आणि वरचा नफा खिशात घालायचा, असे हे मक्तेदार. लॅटिनमध्ये त्यांना पुब्लिकानी म्हणत. पण सोन्याचा गाळ खाली होता आणि पाणी वरून येत होते, आणि वरचे डोंगर अजून सलासींच्याच ताब्यात होते. परिणामी, ज्यांच्याकडून सोने हिसकावले त्यांच्याकडूनच मक्तेदारांना पाणी विकत घ्यावे लागले. मक्तेदारांच्या हावरेपणामुळे त्यांचे सलासींशी सतत खटके उडत, असे खुद्द स्ट्रॅबोच लिहितो, आणि रोमच्या बाजूचा लेखक इतके कबूल करतो तेव्हा परिस्थिती किती बिघडलेली असेल, याची कल्पना येते. तो पुढे हेही सांगतो की, ज्या रोमन सेनापतींना लढाई हवीच असे, त्यांना या खटक्यांमुळे निमित्त कधी कमी पडले नाही. मक्तेदारीचा हा व्यवहार केवढा मोठा होता, हे शेजारच्या व्हेर्चेल्ली भागातील व्हिक्टिमुली येथील खाणींवरून समजते. तेथे मक्तेदारांनी एका वेळी ५,००० पेक्षा जास्त माणसे कामाला लावू नयेत, असा कायदाच रोमला करावा लागला होता. बिएल्ला शहराजवळच्या बेस्सा या भागात त्या काळी धुऊन बाजूला टाकलेल्या गोट्यांचे ढिगारे आजही कित्येक किलोमीटर पसरलेले आहेत. त्यांच्यामधून चालताना हे सगळे दगड कोणीतरी हातांनी उचलून रचले आहेत, हा विचार मनातून जात नाही.

इ.स.पू. १०० साली रोमने खोऱ्याच्या तोंडाशी एपोरेडिया नावाची वसाहत उभारली. तेच आजचे इव्रेया. हेतू उघड होता: सलासींवर पहारा ठेवणे. गंमत अशी की, पहाऱ्याच्या या गावाचे नाव गॉल भाषेतलेच राहिले. प्लिनी सांगतो की, घोड्यांना चांगले वळण लावणाऱ्यांना गॉल लोक ‘एपोरेडिए’ म्हणत. यातील ‘एपो’ म्हणजे घोडा, आणि हा शब्द आपल्या ‘अश्व’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मूळ भाषेत ज्या ठिकाणी ‘क्व’सारखा ध्वनी होता, तिथे गॉलमध्ये ‘प’ आला. लॅटिनमध्ये तो टिकून ‘एक्वुस’ झाला आणि संस्कृतात ‘अश्व’. याच नियमाने लॅटिनमधले ‘क्विंक्वे’ गॉलमध्ये ‘पेम्पे’ होते, आणि ते म्हणजे आपले ‘पंच’. इतक्या दूरच्या, लिखित साहित्य न उरलेल्या लोकांचे दोन शब्द असे ओळखीचे निघतात, तेव्हा ते लोक थोडे जवळ आल्यासारखे वाटतात.

एपोरेडिया उभारूनही सलासी नमले नाहीत, हे डेसिमस ब्रुटसच्या जकातीवरून आपण पाहिलेच. इतर ठिकाणीही परिस्थिती वेगळी नव्हती. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५७ साली ग्रेट सेंट बर्नार्डच्या पलीकडच्या बाजूला आपला सरदार गाल्बा याला पाठवले, त्याचे कारण त्याने स्वतःच दिले आहे: व्यापाऱ्यांना या वाटेने जाताना मोठा धोका पत्करावा लागे आणि भारी जकात भरावी लागे. ती मोहीम फसली. सलासींनी तर एकदा सीझरचा खजिना लुटला आणि रस्ता बांधतो आहोत, पूल घालतो आहोत, असे भासवून त्याच्या सैन्यावर कड्यावरून दगड लोटले, असे स्ट्रॅबो सांगतो.

इ.स.पू. ३५ च्या सुमारास ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, याने हा प्रश्न निकाली काढायचे ठरवले. त्याच्या वतीने आलेल्या अँटिस्टियस व्हेटसने अचानक चाल करून खिंडी बळकावल्या आणि सलासींना दोन वर्षे कोंडून धरले. शेवटी ते कशामुळे झुकले, हे अपियन या इतिहासकाराने नोंदवून ठेवले आहे: त्यांच्याकडचे मीठ संपले. मीठ ते फार वापरत, असेही तो सांगतो. डोंगरात गुरे राखणाऱ्या लोकांना जनावरांना चाटायला, चीज टिकवायला, मांस खारवून हिवाळ्यासाठी ठेवायला मीठ लागतेच, आणि ते त्यांच्या खोऱ्यात पिकत नसे. सोने, पाणी, लाकूड आणि वाटा सगळे हाती असताना मुठभर मिठासाठी त्यांना रोमची शिबंदी आत घ्यावी लागली. व्हेटसची पाठ फिरताच त्यांनी ती शिबंदी हाकलून दिली, आणि पुढे सत्तेतला प्रतिस्पर्धी अँटनी याच्याशी युद्ध समोर दिसत असल्यामुळे ऑक्टेव्हियनने त्यांचे स्वातंत्र्य तात्पुरते मान्य केले. हे फार काळ टिकणार नाही, हे सलासींनी ओळखले होते. त्यांनी मग काय केले, तर मिठाचा मोठा साठा करून ठेवला. एका वाक्यात आलेला हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातून या लोकांचे स्वतःचे शहाणपण थेट दिसते. अनुभवातून शिकून पुढच्या वेढ्याची तयारी करणारी माणसे दिसतात. पुढचा सेनापती होता मेस्साला, सरपणाचे पैसे मोजणारा तोच. या वेळी मीठ होते, पण धान्य संपले, आणि मेस्सालाने त्यांना उपासमारीने नमवले.

अखेरचा घाव इ.स.पू. २५ साली बसला. ऑगस्टसने टेरेन्टियस वारो मुरेना याला पाठवले. डिओच्या वर्णनानुसार त्याने एकाच वेळी अनेक बाजूंनी मुलखात सैन्य घुसवले, त्यामुळे सलासींना एकत्र येता आले नाही. ते शरण आल्यावर त्याने फक्त ठरावीक खंडणी मागितली; जणू याहून जास्त शिक्षा होणारच नाही. मग ही खंडणी गोळा करण्याच्या नावाखाली गावोगाव सैनिक पाठवले आणि त्यांनी लढण्याच्या वयाचे पुरुष धरून आणले. लोक ज्याला पैशांची वसुली समजत होते, ती माणसांची धरपकड होती. सर्वांना एपोरेडियाला नेऊन लिलावात गुलाम म्हणून विकले. रोममध्ये सरकारी लिलावाच्या जागी भाला रोवत, म्हणून स्ट्रॅबो याला भाल्याखालची विक्री म्हणतो. त्याने दिलेले आकडे असे आहेत: ८,००० लढवय्ये आणि इतर ३६,०००. डिओ सांगतो की, वीस वर्षांच्या आत यांपैकी कोणालाही मुक्त करायचे नाही, अशी अट घातली होती. आज या संपूर्ण खोऱ्याची लोकसंख्या सुमारे सव्वा लाख आहे, हे लक्षात घेतले तर त्या काळी ४४,००० माणसे बाजारात उभी करणे म्हणजे काय असेल, याचा अंदाज येतो. आकडे फुगवलेले असू शकतात, कारण विजेत्यांना मोठे आकडे आवडतात; पण लिलाव झाला आणि तो अतिशय मोठा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

वारोचा तळ जिथे पडला होता, तिथेच ऑगस्टसने ३,००० रोमनांची वसाहत केली. हे सम्राटाच्या खास रक्षक दलातले, म्हणजे प्रिटोरियन, सैनिक होते, म्हणून गावाचे नाव ठेवले ऑगस्टा प्रिटोरिया. शतकानुशतके जिभेवर घासून ‘ऑगस्टा’चे ‘आओस्ता’ झाले. सुमारे ७२५ मीटर लांब आणि ५७० मीटर रुंद अशा काटकोनी तटाच्या आत आखलेले हे शहर आजही जवळजवळ त्याच रेषांवर उभे आहे. पूर्वेचा दरवाजा, ऑगस्टसची कमान आणि नाट्यगृहाची २२ मीटर उंच भिंत तिथे जाणाऱ्याला अजून दिसते. खोऱ्याच्या खालच्या भागात दोनास येथे रोमन अभियंत्यांनी २०० मीटरहून जास्त लांबीचा रस्ता उभा कडा तासून काढला, आणि कड्याचाच एक भाग कमानीसारखा कोरून तसाच ठेवला. दगडात गाड्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या आहेत आणि बाजूच्या खडकातच मैलाचा दगड कोरलेला आहे: ऑगस्टा प्रिटोरिया ३६ मैल.

पाण्याची गोष्टही इथेच पुढे सरकते. आओस्तापासून जवळच पों-द'आएल या ठिकाणी एका अरुंद घळीवरून, पन्नास मीटरहून अधिक उंचीवर, रोमन काळातला एक जलसेतू गेला आहे. खालच्या बंदिस्त भागातून माणसे जात आणि वरच्या पन्हळीतून पाणी वाहत असे. त्यावरचा शिलालेख इ.स.पू. ३ या वर्षाचा आहे आणि तो सांगतो की, पाडुआ येथील गायस अविलियस कैमुस याने हे काम केले. आणि शेवटचा शब्द आहे ‘प्रिवाटुम’, म्हणजे खासगी. हे पाणी त्याच्या खाणकामासाठी असावे, असे मानले जाते. ज्या मुलखात पाण्याच्या हक्कावरून शतकभर रक्त सांडले, तिथे सलासींच्या विक्रीनंतर बावीस वर्षांच्या आत बाहेरच्या एका धनिकाने पाण्यावर आपल्या मालकीचा शब्द कोरला होता.

सलासींचा वारसा काय, असे विचारले की काही गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात. त्यांची कोर्डेला नावाची एक पुरातन राजधानी होती आणि ती शनिदेवाच्या वंशजाने वसवली, अशी दंतकथा खोऱ्यात पूर्वापार सांगितली जाते. तिला उत्खननाचा आधार नाही. आओस्ताच्या सें-मार्तें-द-कोर्लेआं भागात सापडलेल्या भव्य शिळा खऱ्या आहेत, पण त्या सलासींच्या काळाच्या दोन हजार वर्षांहूनही जुन्या आहेत. आज खोऱ्यात बोलली जाणारी फ्रँको-प्रोव्हान्साल बोली आणि फ्रेंच, इटालियन या भाषा सगळ्या लॅटिनच्या लेकी आहेत. गॉल शब्द उरले ते मुख्यतः गावे, डोंगर आणि नद्यांच्या नावांत.

वाटांचे महत्त्व मात्र संपले नाही. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीच्या माथ्यावर डोंगरातले लोक पेनिनुस नावाच्या देवाला पूजत. रोमनांनी त्याला आपल्या ज्युपिटरशी जोडून तिथे मंदिर बांधले, आणि सुखरूप पार झालेल्या प्रवाशांनी नवस फेडताना वाहिलेले कोरीव ब्राँझचे पत्रे त्या माथ्यावर सापडले आहेत. अकराव्या शतकात आओस्ताचा आर्चडीकन, म्हणजे चर्चचा वरिष्ठ अधिकारी, बर्नार्ड याने तिथे वाटसरूंसाठी आश्रयस्थान उभारले आणि खिंडीला आजचे नाव मिळाले. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियन हीच खिंड उतरून खोऱ्यात आला. खालच्या चिंचोळ्या जागी बार्द येथील किल्ल्यात सुमारे ४०० ऑस्ट्रियन सैनिक होते. त्यांनी त्याच्या हजारोंच्या फौजेला खोळंबवून ठेवले, आणि तोफा पुढे न्यायच्या तर रस्त्यावर गवत पसरून, चाकांचा आवाज दाबून, रात्रीच्या अंधारात न्याव्या लागल्या. सलासींना ही जागा का राखता आली, हे समजायला याहून चांगले उदाहरण नाही. १९६४ साली ग्रेट सेंट बर्नार्डचा आणि १९६५ साली मों ब्लांचा बोगदा वाहनांसाठी खुला झाला. दोन्ही बोगद्यांच्या तोंडाशी टोल भरावा लागतो.

आणि माणसांचे काय झाले? स्ट्रॅबो म्हणतो की जमात पार नाहीशी झाली. ऑगस्टसनेही तसेच जगाला सांगितले. मोनॅकोच्या वर ला तुर्बी येथे इ.स.पू. ७-६ या सुमारास उभारलेल्या त्याच्या विजयस्तंभावर आल्प्समधील जिंकलेल्या चाळीसहून अधिक जमातींची यादी कोरली होती आणि तिच्यात सलासींचे नाव आहे. तो मूळ लेख पुढे फुटून त्याचे तुकडे झाले. प्लिनीने आपल्या ग्रंथात त्याची नक्कल केली होती, म्हणून यादी आपल्याला वाचता येते.

पण आओस्तातच १८९४ साली आणखी एक दगड सापडला. तो इ.स.पू. २३-२२ सालचा आहे, म्हणजे लिलावानंतर दोन-तीन वर्षांचा. पुतळ्याच्या बैठकीवरचा हा लेख सम्राट ऑगस्टसला, त्याला आपला आश्रयदाता म्हणून, अर्पण केलेला आहे. अर्पण करणारे स्वतःची ओळख अशी देतात: ‘सलासी, येथील रहिवासी, जे आरंभीच वसाहतीत सामील झाले’. ‘रहिवासी’साठी वापरलेला शब्द ‘इन्कोले’ हा रोमन कायद्यातला आहे. गावात राहण्याची मुभा असलेले, पण गावाचे पूर्ण नागरिक नसलेले लोक, असा त्याचा अर्थ. म्हणजे सगळे विकले गेले नव्हते. काही जण आधीच रोमच्या बाजूला गेले होते, आणि आपल्याच मुलखातल्या नव्या शहरात दुय्यम दर्जाने का होईना, राहिले होते.

या लोकांना फितूर म्हणणे सोपे आहे, पण मला ते जमत नाही. त्यांचे भाऊबंद, शेजारी, कदाचित मुलगेही एपोरेडियाच्या बाजारात भाल्याखाली उभे राहिले होते, त्याला तीन वर्षेही झाली नव्हती. सम्राटाची कृपा दगडावर कोरून घेणे ही त्यांच्यासाठी सुरक्षिततेची सनद असणार; ‘आरंभीच’ हा शब्द त्यांनी उगाच घातलेला नाही. तरीही त्या लेखात त्यांना स्वतःला नुसते रहिवासी म्हणवून घेता आले असते. त्यांनी आधी आपले नाव लिहिले. ला तुर्बीच्या यादीत हे नाव विजेत्याने कोरले; इथे ते त्यांनी स्वतः कोरून घेतले आहे, रोमन लिपीतल्या ठसठशीत अक्षरांत, पाचव्या ओळीच्या सुरुवातीला: सलासी.